एप्सन परफेक्शन व्ही६०० : वाळवंटातल्या जुन्या निगेटिव्हसाठी कसा आहे?

जैसलमेर, सम, खुरीच्या सहलींचे जुने रोल कपाटात पडून असतील, तर त्यांच्यासाठी हा फ्लॅटबेड स्कॅनर आजही चांगला आहे. फक्त रंगाचं काम त्याच्या ऑटोवर सोडू नका. संध्याकाळच्या उन्हातली वाळू मुळातच केशरी-पिवळी असते. सॉफ्टवेअर तो फोटोचा दोष समजून काढून टाकतं, आणि टिब्बे सिमेंटसारखे राखाडी होऊन बसतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रोफेशनल मोड घ्या, ‘कलर रिस्टोरेशन’ बंद ठेवा आणि ४८ बिट टिफ (रंगाच्या जास्तीत जास्त छटा राखणारी फाइल) निवडा. २४ बिटच्या फाइलमध्ये नंतर रंग ओढाताण करून सुधारले, की निळ्या आकाशात पट्टे उमटतात; वाळवंटाच्या फोटोत बहुतेक वेळा अर्धी फ्रेम आकाशच असतं. रंग जुळवताना वाळूकडे पाहू नका. कुणाचा पांढरा सदरा, एखादा ढग असं काही शोधून तिथून सुरुवात करा.

खोक्यावर ६४०० डीपीआय (एका इंचात टिपले जाणारे ठिपके) लिहिलेलं असलं तरी ३५ मिमी फिल्मला ३२०० पुरे. साधारण ४५०० बाय ३००० पिक्सेल मिळतात, फाइल ८० एमबीच्या आसपास होते. त्यापुढे फाइल फुगते, पण वाळूवरच्या लाटा काही जास्त रेखीव होत नाहीत.

होल्डरमध्ये सहा फ्रेमच्या दोन पट्ट्या किंवा चार स्लाइड बसतात, चकचकीत बाजू खाली. त्याची उंची कमीजास्त करता येत नाही, ही खरी उणीव. पट्टी मध्ये फुगलेली असेल तर तेवढा भाग धूसर येतो. स्कॅन करण्याआधी ती स्लीव्हसकट दोन-तीन दिवस जाड पुस्तकाखाली ठेवा.

डिजिटल आइस, म्हणजे धूळ आणि ओरखडे आपोआप काढणाऱ्या सोयीसाठी मात्र मनापासून दाद द्यावी लागेल. वाळूचा कण कॅमेऱ्यात शिरला की रोल सरकताना फिल्मवर लांबच लांब सरळ रेघ पडते, कधी कधी सलग सगळ्या फ्रेमवर. इन्फ्रारेड प्रकाशात ही रेघ आणि धूळ वेगळी ओळखू येते, त्यामुळे उथळ ओरखडे बेमालूम भरले जातात. वेळ बराच जास्त लागतो, पण लागू द्या. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर ही सोय बंदच ठेवा; तिच्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि चित्रच बिघडतं.

बुरशीपुढे मात्र आइसचाही इलाज नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत निगेटिव्हचा खरा शत्रू तीच. बुरशीने फिल्मवरचा चित्राचा जिलेटिनचा थर खाल्ला की तिथला रंगच गेलेला असतो. अशी पट्टी पाण्याने धुऊ नका, थर सुटून येतो. पावसाळ्यात डबे उघडू नका. हे काम डिसेंबर-जानेवारीत काढा. नंतर पट्ट्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

एक-दोनच रोल असतील तर स्कॅनर घेण्यात अर्थ नाही. फोर्टमध्ये किंवा जवळपास निगेटिव्ह स्कॅन करून देणारं दुकान गाठा. ऑटो करेक्शनशिवाय टिफ हवी हे आधीच सांगा, आणि वाळूची एक फ्रेम नमुना म्हणून करून घेतल्याशिवाय बाकीचे रोल देऊ नका.