बी कशात टाकायचं, ट्रेमध्ये की चहाच्या कपात?

टोमॅटो, मिरची, वांगी यंदा घरीच बियांपासून करायची असं ठरवलं की पहिला घोळ इथेच होतो, प्रो-ट्रे (रोपांसाठीचा छोट्या खणांचा प्लॅस्टिकचा ट्रे) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणायचं की चहाचे कागदी कप खालून भोकं पाडून मातीने भरायचे. मी दोन्ही केलंय, पुण्यात, पश्चिमेच्या बाल्कनीत, त्यामुळे माझं मत त्या बाल्कनीपुरतंच धरा.

उगवणीला ट्रेच भारी, यात वाद नाही. कोकोपीट भुसभुशीत असतं, टोमॅटो पाचव्या-सहाव्या दिवशी मान वर काढतो, मिरची मात्र दहा-बारा दिवस जीव टांगणीला लावते. मुळं नीट भरली की खालून बोटाने ढकलायचं, पांढऱ्या मुळांचा अख्खा ठोकळा हातात येतो, फार मस्त वाटतं ते. घाई केली तर कोकोपीट गळून पडतं आणि नुसतं रोप लोंबतं हातात. आणि कोकोपीटमध्ये खत असं काही नसतं, म्हणजे खरी पानं (बीतून आलेल्या पहिल्या दोन पानांनंतरची) फुटली की १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरभर पाण्यात ग्रॅमभर घालून द्यायला लागतं, नाहीतर रोपं पिवळटतात. कोकोपीटची दाबलेली वीट मिळते, ती भिजवल्यावर दोन-तीनदा धुवून घ्या, त्यात क्षार असतात. हे सगळं करायला माझी ना नाही.

माझं बिनसलं ते पाण्यावरून. ९८ खणांच्या ट्रेमध्ये एका खणात दोन-तीन चमचे कोकोपीट मावतं, ऑक्टोबरच्या उन्हात ते दुपारपर्यंत संपतं. सकाळी पाणी घालून ऑफिसला जायचं, संध्याकाळी यायचं तर कडेची ओळ मान टाकून पडलेली. मधले खण ओले, कडेचे कोरडे, आणि वरून बघाल तर सगळंच सारखं तपकिरी, बोट घातल्याशिवाय कळत नाही, आणि बोट घालायला जागा नाही! मग ट्रेखाली ताटात पाणी ठेवून बघितलं, तर आठवड्यात वर हिरवं शेवाळ आणि घरभर चिलटं. आई म्हणाली, "ताट तरी माझं परत दे." एकदा शनिवार-रविवार गावाला जाऊन आलो तर ९८ पैकी तीसेक रोपं उरली होती, त्यात वांगी कुठली नि टोमॅटो कुठले तेही कळेना, कारण नावाच्या काड्या कबुतरांनी उपसून टाकल्या होत्या. त्या दिवशी ट्रे माळ्यावर गेला.

कपात माती, गांडूळखत, कोकोपीट सारख्याच मापाने घेतो. एका कपात दोन बिया, अर्धा सेंटीमीटर खोल, दोन्ही उगवल्या तर त्यातलं बारकं रोप कात्रीने कापायचं, उपटायचं नाही. एक दिवस पाणी चुकलं तरी रोप तगतं, कप उचलला की वजनावरून कळतं तहान लागलीय का. नाव कपावरच बॉलपेनने लिहायचं. मिरचीचं रोप लावायजोगं व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, तेवढे दिवस ती कपात निवांत राहते, ट्रेमध्ये तोवर तिची मुळं गुंडाळून बसतात.

कपाचंही दुखणं आहे, लपवत नाही. मातीतून बुरशी येते. जुलैमध्ये एकदा रात्रीत सहा टोमॅटो बुंध्याशी दोऱ्यासारखे बारीक होऊन आडवे झाले. तेव्हापासून मातीला आधी चांगलं ऊन देतो, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळतो आणि पाणी कमीच घालतो. बऱ्यापैकी आटोक्यात आलंय, अगदी थांबलंय असं नाही म्हणणार. आणि लावताना कप फाडून काढा, आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तो कुजत नाही.

दसऱ्यासाठी झेंडूची चाळीस-पन्नास रोपं एकदम करायची असतील तर मात्र ट्रेच घ्या, पावसाळ्यात तो तसा वाळतही नाही आणि चाळीस कप ठेवायला बाल्कनी कोणाची आहे. काकडी, दोडका, मेथी, मुळा यांना दोन्ही नको, सरळ कुंडीतच पेरा.

पण घरात चार-चार रोपं हवीत आणि दिवसभर कोणी घरी नसतं, असं असेल तर मी तरी कपच म्हणेन. ट्रेच हवा असेल तर विकत घेऊ नका, माझा माळ्यावर पडून आहे, एक कोपरा तडकलाय फक्त.