हवा मोजणारा मीटर घ्यावा का? (आणि मामाच्या हॉटेलची गोष्ट)

साडेचार हजाराला कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर घेतला, आठ महिने वापरतोय म्हणून लिहितो. आधी कामाचं, घेताना एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट हाच गॅस मोजणारा) आहे ना ते बघाच, स्वस्तातले बरेच मीटर हा गॅस मोजतच नाहीत, भलतेच वायू हुंगून अंदाजपंचे आकडा दाखवतात. जवळ सॅनिटायझर उघडा, आकडा उड्या मारायला लागला की सरळ परत करा. माझा गच्चीवर ४३० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४३० भाग) आसपास दाखवतो, मोकळ्या हवेत साधारण तेवढाच असतो, म्हणजे ठीक. बॅटरी मात्र भंगार, सहा तासात मान टाकते.

करोनाचा व्हायरस मोजत नाही हा, लोकांनी सोडलेला श्वास खोलीत किती साचलाय तेवढं कळतं, पण व्हायरस त्याच श्वासातून पसरतो. शनिवारी रात्री खिशात घालून आमच्या नेहमीच्या एसी हॉटेलात नेला (नाव नाही लिहीत, तिथलं पनीर अजून आवडतं), १,९०० !! सगळ्या काचा फिक्स, येण्याजाण्याला एकच दार. थोडं किचनच्या गॅसचंही असेल, पण आम्ही बसलो होतो पार दुसऱ्या टोकाला.

तेव्हा २०२१ आठवलं. मामाचं १२ टेबलांचं हॉटेल आणि करोनाच्या निर्बंधांमुळे ऑगस्टात दुपारी ४ ला शटर खाली. मामा म्हणायचा अरे माझं गिऱ्हाईकच रात्री ८ ला येतं, करोना काय ४ नंतरच चावतो का, आणि खरंय, भाडं थकलेलं, कामाची दोन पोरं गावी गेलेली ती परत येईनात, तो ओरडणार नाही तर काय करणार. मुंबईत हॉटेलवाल्यांची ‘आहार’ संघटना, पुण्यात व्यापारी, सगळ्यांनी सरकारमागे तगादा लावला आणि १५ ऑगस्टपासून रात्री १० पर्यंत, ५० टक्के बसवून, परवानगी मिळाली. गंमत म्हणजे त्याच आदेशात होतं की एसी हॉटेल असेल तर हवेसाठी पंखा लावा, किमान दोन खिडक्या आणि दार उघडं ठेवा. वेळेसाठी ढीगभर निवेदनं, खिडकीचं नाव मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. मामाकडे तपासणीला आलेला माणूससुद्धा घड्याळ बघून गेला.

खरं तर तोपर्यंत चीनमधल्या ग्वांगझूच्या हॉटेलची केस सगळ्यांना माहीत होती, जानेवारी २०२० मधलं एक दुपारचं जेवण, शेजारशेजारची ३ टेबलं, एसीच्या एकाच झोतात, १० जण पॉझिटिव्ह. बेल्जियमने तर जून २०२१ मध्ये हॉटेलात आत बसायला परवानगी देताना असाच मीटर सक्तीचा केला, तोही गिऱ्हाईकाला दिसेल असा, आणि ९०० च्या आत ठेवा म्हणून सांगितलं. हॉटेलवाले तिथेही कुरकुरले असतीलच, पण निदान भांडण हवेवरून तरी झालं.

दिवाळीत मीटर मामाकडे नेला. गर्दीत १,३००. प्लायवूड ठोकून बंद केलेली मागची खिडकी आम्ही दोघांनी उघडली, जुना एक्झॉस्ट चालू केला, तासाभरात ८०० च्या खाली. मामा बराच वेळ त्या डबीकडे बघत होता, मग म्हणाला हे मला तेव्हा ४ हजारात कोणी दिलं असतं तर मी मोर्च्यात कशाला गेलो असतो. (गेला असताच, मला माहितीय.)

मीटरला ४ स्टार, एक बॅटरीचा कापला. त्या पनीरवाल्या हॉटेलात आता सोमवारी दुपारी जातो, तेव्हा ७०० असतं आणि टेबलही लगेच मिळतं.