जिरा: स्क्रम टीमसाठी कसं आहे आणि बसवताना काय काय चुकतं

जिरा म्हणजे टीमच्या कामाचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर. सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीने ते २००२ मध्ये बाजारात आणलं ते बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका) नोंदवण्यासाठी. कामांची कार्डं दाखवणारा बोर्ड, बाकी कामांची यादी म्हणजे बॅकलॉग, आणि स्प्रिंट म्हणजे स्क्रम पद्धतीतला काही आठवड्यांचा ठरावीक टप्पा, हे सगळं नंतर ग्रीनहॉपर नावाच्या प्लगइनमधून आलं आणि पुढे मूळ उत्पादनात मुरलं. आजही वापरताना ते जाणवतं. आतला गाभा एका माणसाला एक तिकीट (कामाची नोंद) देऊन ते बंद करून घेण्याचा आहे. टीमने मिळून काम तडीस नेण्याची सोय त्यावर चढवलेली आहे. म्हणूनच जिरा आहे तसं वापरायला घेतलं, की टीम हळूहळू आपापली तिकिटं बंद करणाऱ्या माणसांचा घोळका होते. नीट विचार करून बसवलं, तर काम नेमकं कुठे तुंबलंय हे इतक्या बारकाईने दाखवणारी साधनं फार नाहीत. हे परीक्षण क्लाउड आवृत्तीचं आहे. स्वतःच्या मशीनवर चालवायच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला.

पहिला निर्णय प्रोजेक्ट तयार करतानाच घ्यावा लागतो: टीम-मॅनेज्ड की कंपनी-मॅनेज्ड. पहिल्यात कॉलम, फील्ड, वर्कफ्लो (तिकीट कोणकोणत्या टप्प्यांतून जाईल तो क्रम) सगळं टीम स्वतः बदलू शकते. दुसऱ्यात ते जिरा अ‍ॅडमिनच्या हातात असतं आणि एकच वर्कफ्लो अनेक प्रोजेक्ट वाटून वापरतात. एका टीमसाठी त्यात एक स्टेटस (टप्पा) वाढवलं की तो वर्कफ्लो वापरणाऱ्या सगळ्यांच्या प्रोजेक्टमध्ये ते उगवतं, आणि ज्या बोर्डवर ते कुठल्याच कॉलमला जोडलेलं नाही, तिथून त्या स्टेटसमधली तिकिटं दिसेनाशी होतात. तिकीट हरवलं अशी ओरड झाली की आधी बोर्डच्या सेटिंगमध्ये "न जोडलेले स्टेटस" हा रकाना बघावा. बहुतेक वेळा तिकीट तिथेच बसलेलं असतं. दोन प्रकारांत आणखी एक मेख आहे. कंपनी-मॅनेज्डमध्ये काम किती मोठं आहे याचा पॉइंटमधला अंदाज "स्टोरी पॉइंट्स" या फील्डमध्ये राहतो, टीम-मॅनेज्डमध्ये "स्टोरी पॉइंट एस्टिमेट" या वेगळ्याच फील्डमध्ये. एका प्रकारातून दुसऱ्यात तिकिटं हलवली की पॉइंट मागे राहतात आणि बॅकलॉग कोरा दिसतो. हलवण्याआधी यादी एक्स्पोर्ट करून ठेवावी आणि नव्या फील्डमध्ये आकडे एकगठ्ठा भरावेत.

एकच टीम, एकच उत्पादन असेल तर टीम-मॅनेज्ड घ्या. ज्या टीमला आपल्या बोर्डचा एक कॉलम बदलायला अ‍ॅडमिनकडे विनंती टाकून आठवडाभर थांबावं लागतं, तिला रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये (स्प्रिंटनंतरच्या आढावा बैठकीत) सुधारणा सुचवण्यात पुढे रस उरत नाही. बँक, विमा, औषधनिर्मिती अशा क्षेत्रांत ऑडिट असतं, तिथे कंपनी-मॅनेज्डला पर्याय नाही. पण तिथेही सगळ्यांसाठी एकच वर्कफ्लो असा आग्रह धरू नये.

आता सगळ्यात मोठा घोळ: काम "झालं" म्हणजे काय? जिरात याची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि ती एकमेकांना विचारत नाहीत. पहिलं उत्तर स्टेटसच्या रंगाचं: हिरव्या गटातलं स्टेटस म्हणजे झालं. दुसरं बोर्डचं: सगळ्यात उजव्या कॉलममध्ये गेलं म्हणजे झालं. बर्नडाउन (उरलेल्या कामाचा उतरता आलेख) आणि स्प्रिंट रिपोर्ट हेच मानतात. तिसरं रेझोल्यूशन (काम कसं निकालात निघालं) या फील्डचं: ते भरलेलं असेल तर झालं, आणि कितीतरी फिल्टर व डॅशबोर्ड याच्यावरच चालतात. समजा टीमने "टेस्टिंग पूर्ण" आणि "रिलीज झालं" असे दोन कॉलम ठेवले. स्प्रिंटमध्ये सगळी तिकिटं टेस्ट होऊन पहिल्या कॉलममध्ये थांबली, रिलीज पुढच्या आठवड्यात आहे. बर्नडाउन शेवटच्या दिवसापर्यंत आडवा, वेग (स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले पॉइंट) शून्य, आणि क्लायंटच्या बैठकीत टीमने काहीच केलं नाही असं चित्र. इलाज साधा आहे: स्प्रिंटपुरतं "झालं" कशाला म्हणायचं हे टीमने ठरवावं आणि त्या टप्प्यापासून पुढची सगळी स्टेटस एकाच शेवटच्या कॉलमला जोडावीत. रिलीजचा माग ठेवायला व्हर्जनची सोय वेगळी आहे.

रेझोल्यूशनच्या बाबतीत दोन गोष्टी पाळाव्यात. वर्कफ्लोमध्ये शेवटच्या टप्प्यात जाणाऱ्या प्रत्येक ट्रान्झिशनवर (एका स्टेटसमधून दुसऱ्यात जायच्या पायरीवर) ते आपोआप भरलं जाईल असं पोस्ट-फंक्शन लावायचं, आणि तिकीट पुन्हा उघडणाऱ्या ट्रान्झिशनवर ते पुसलं जाईल असंही. दुसरा भाग हमखास विसरला जातो. मग पुन्हा उघडलेला बग यादीत खोडलेला दिसतो आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही. रेझोल्यूशनच्या पर्यायांत "अनरिझॉल्व्ह्ड" नावाचा पर्याय कधीही घालू नये. जिराच्या दृष्टीने तोसुद्धा भरलेला रेझोल्यूशनच, म्हणजे काम संपलेलं.

स्प्रिंट सुरू करण्याचं बटण दाबलं त्या क्षणी जेवढे पॉइंट आत असतील तेवढीच टीमची सुरुवातीची बांधिलकी म्हणून नोंद होते. प्लॅनिंग अर्धवट असताना "करून टाका सुरू, पॉइंट नंतर भरू" म्हणत बटण दाबलं, की नंतरचा प्रत्येक आकडा वाढीव व्याप्ती म्हणून रिपोर्टमध्ये येतो. प्लॅनिंग संपेपर्यंत त्या बटणाला हात लावू नये. अर्धवट राहिलेल्या स्टोरीचे (वापरकर्त्याच्या एका गरजेच्या तिकिटाचे) पॉइंट स्प्रिंट बंद करताना "इतकं तर झालंय" म्हणून कमी करू नयेत. आकडा तसाच ठेवून ती पुढच्या स्प्रिंटमध्ये न्यावी, श्रेय ती पूर्ण होईल तेव्हा मिळेल. आणि पॉइंट स्टोरीवर द्यावेत, सब-टास्कवर नाहीत; सब-टास्कचे पॉइंट बर्नडाउन मोजत नाही.

त्या बटणाची आणखी एक तऱ्हा. बोर्डच्या फिल्टरमध्ये अनेक प्रोजेक्ट असतील, तर स्प्रिंट सुरू किंवा बंद करणाऱ्याकडे त्या सगळ्यांत "मॅनेज स्प्रिंट्स" ही परवानगी लागते. एका जरी प्रोजेक्टमध्ये ती नसली तरी बटण धूसर होऊन बसतं आणि कारण काही धड कळत नाही.

काम एकाच वेळी किती उघडायचं यावरची मर्यादा कॉलमला लावता येते, आणि ही जिरातली सर्वांत मोलाची सोय असूनही सर्वांत दुर्लक्षित आहे. गणित सोपं आहे. टीमकडे १२ कामं चालू आहेत आणि आठवड्याला ३ पूर्ण होतात, तर एक काम संपायला सरासरी ४ आठवडे लागतात. चालू कामं ६ वर आणली आणि पूर्ण होण्याचा दर तोच राहिला, तर २ आठवडे. कुणीही जास्त तास न बसता. मात्र मर्यादा ओलांडली तर जिरा कॉलम लाल करतं, अडवत नाही. चार दिवसांत तो लाल रंग डोळ्यांना सवयीचा होतो. म्हणून इथे टीम लीडचं काम सुरू होतं: कॉलम लाल असताना नवं तिकीट ओढायचं नाही, अडलेल्याला हात द्यायचा, हा नियम टीमकडून ठरवून घ्यायचा आणि वरून तातडीचं काम आलं तरी आधी स्वतः पाळायचा. लीडनेच मागच्या दाराने कामं आत सोडली तर मर्यादा लावून काही उपयोग नाही. सुरुवात टीममधल्या माणसांइतक्या मर्यादेने करावी आणि दर दोन स्प्रिंटनंतर एकाने कमी करत, कुठे अडचण होते ते बघावं.

रोजच्या स्टँडअपसाठी बोर्ड माणसांच्या नावाने आडवा विभागू नका. तसं केलं की प्रत्येक जण आपली रांग वाचून दाखवतो, ऐकणारा एकटा मॅनेजर असतो, आणि पंधरा मिनिटांची बैठक हजेरी होते. स्विमलेन (बोर्डच्या आडव्या रांगा) स्टोरीनुसार ठेवा आणि बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा: जे संपायला सर्वांत जवळ आलंय ते आज संपवायला काय लागेल, हा प्रश्न आधी. कंपनी-मॅनेज्ड बोर्डवर कार्डावर "कॉलममधले दिवस" ठिपक्यांनी दाखवायची सोय आहे, ती चालू करावी. तीन-चार ठिपके झालेलं कार्ड स्वतःच बोलतं. अडलेल्या कामाला फ्लॅग लावावा आणि का अडलंय ते त्याच वेळी कमेंटमध्ये लिहावं. २०२० च्या स्क्रम गाइडमधून "काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय" हे तीन प्रश्न काढून टाकलेत. बऱ्याच टीम अजून तेच म्हणतात.

महाराष्ट्रातून परदेशी क्लायंटसाठी काम करणाऱ्या टीमने एक सेटिंग आजच तपासावं. बोर्डच्या "वर्किंग डेज" मध्ये टाइमझोन आणि सुट्ट्यांचे दिवस भरता येतात. बोर्ड अमेरिकेतल्या माणसाने तयार केलेला असेल तर तिथे थँक्सगिव्हिंग असतं, दिवाळी नसते. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये दिवाळीचे तीन दिवस गेले तर हातात १० ऐवजी ७ दिवस उरतात, पण बर्नडाउनची अपेक्षित गती दाखवणारी राखाडी रेघ त्या तीन दिवसांतही खाली उतरत राहते आणि टीम मागे पडल्यासारखी दिसते. गणेश चतुर्थी, दिवाळी, १ मे वर्षाच्या सुरुवातीलाच भरून ठेवावेत, आणि प्लॅनिंगमध्ये कामही तितकंच कमी घ्यावं.

व्हेलॉसिटी चार्ट (दर स्प्रिंटच्या वेगाचा आलेख) जिरा फार सुबक काढतं, आणि तिथेच धोका आहे. पॉइंट हे त्या त्या टीमचं आपसातलं माप असतं. एकीचा वेग ४० आणि दुसरीचा २५ यावरून कोण चांगलं हे ठरत नाही. मॅनेजरने तशी तुलना एकदा जरी बैठकीत दाखवली, तरी पुढच्या प्लॅनिंगमध्ये तीनची स्टोरी पाचची होते आणि तो चार्ट कायमचा निकामी होतो. तो वापरायचा अंदाज बांधायला. समजा मागचे पाच स्प्रिंट १८, २६, २१, २४, १९ असे गेले आणि बॅकलॉगमध्ये १२० पॉइंट आहेत. सर्वांत कमी वेगाने ७ स्प्रिंट लागतील, सर्वांत जास्त वेगाने ५. क्लायंटला "पाच ते सात" सांगावं. सरासरीवरून "सहा" असा एकच आकडा दिला की तो तारखेत बदलतो आणि टीमच्या गळ्यात पडतो.

उणिवा आणखीही आहेत. तिकिटाला असाइनी (ज्याच्या नावावर काम आहे तो) एकच ठेवता येतो, त्यामुळे दोघांनी मिळून केलेलं काम एकाच्या नावावर जमा होतं. ज्या कंपनीत वर्षअखेरीचं मूल्यमापन तिकिटं मोजून होतं, तिथे कुणी दुसऱ्याच्या मदतीला जात नाही. हा दोष मूल्यमापनाचा, पण जिरा ती मोजणी अगदी हाताशी आणून देतं. सक्तीची फील्ड वाढवत नेण्याचा मोह अ‍ॅडमिनला आवरत नाही. चार-पाचच्या पुढे गेली की लोक त्यात नुसता टिंब टाकतात आणि त्या माहितीवर काढलेले रिपोर्ट खोटे ठरतात. ईमेल सूचनांचा पूर मूळ सेटिंगमध्येच आहे. नोटिफिकेशन स्कीम पहिल्याच आठवड्यात छाटून टाकावी, नाहीतर सगळे जिराच्या मेलना वेगळ्या फोल्डरचा रस्ता दाखवतात आणि ज्यात खरंच कुणी नाव घेऊन विचारलंय ती मेलही तिथेच पडून राहते. रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये ठरलेल्या सुधारणेला बोर्डवर वेगळी जागा नाही. तिचंही तिकीट काढून पुढच्या स्प्रिंटमध्ये वरच्या क्रमांकावर घालावं आणि त्यावर नाव लिहावं.

पर्यायांपैकी ट्रेलो २०१७ पासून अ‍ॅटलासियनचंच आहे. तीन-चार जणांच्या टीमला पुरतं, पण बर्नडाउनसारखे रिपोर्ट हवे असतील तर जोडण्या शोधाव्या लागतात. कोड मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरवर असेल तर अ‍ॅझ्युअर बोर्ड्स जास्त सोयीचं, आणि प्रत्येकाच्या सुट्ट्या धरून क्षमता मोजायची त्याची पद्धत जिरापेक्षा सरस आहे. सगळी टीम एकाच खोलीत बसत असेल तर भिंत आणि चिकटचिठ्ठ्या अजूनही उत्तम. जिरा घ्यावं ते टीम एकाहून जास्त असतील, लोक वेगवेगळ्या शहरांत असतील किंवा कोणी काय कधी बदललं याचा लेखी इतिहास लागत असेल तेव्हा.

मोफत योजनेत १० जण बसतात आणि २ जीबी जागा मिळते. लहान टीमला शिकायला एवढं भरपूर आहे, मात्र कोणी काय बदलू शकतं याच्या परवानग्या त्यात बदलता येत नाहीत, म्हणजे प्रोजेक्टमध्ये घेतलेल्या कुणाकडूनही तिकीट चुकून डिलीट होऊ शकतं. अकरावा माणूस आला की फक्त त्याचे नाही, सगळ्या अकरा जणांचे पैसे मोजावे लागतात. क्लायंटकडच्या नुसत्या बघणाऱ्या माणसांना खाती देण्याआधी हे लक्षात घ्यावं; त्यांना स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये चालणारं सॉफ्टवेअर दाखवलं तर त्यांना जिरात डोकावायची गरज सहसा पडत नाही.