क्रॉसकट स्लेडला रनर कसला: सागवानी की अॅल्युमिनियम?

टेबल सॉची (टेबलातून गोल ब्लेड वर येतं ती करवत) स्लेड, म्हणजे लाकूड ठेवून आडवा कट घ्यायची सरकती पाटी, बनवताना सगळे फेन्सच्या (लाकूड टेकवायची उभी पट्टी) काटकोनावर जीव टाकतात, पण रनर, म्हणजे टेबलाच्या स्लॉटमध्ये (खाचेत) सरकणारी खालची पट्टी, ढिला राहिला तर स्लेड डावी-उजवीकडे हलणार आणि कट वाकडाच येणार.

सागवानी रनर स्वस्त पडतो, शिवाय रंध्याने पापुद्रा पापुद्रा काढत स्लॉटमध्ये हवा तसा बसवता येतो, आणि छोट्या मशीनचा स्लॉट 19 मिमीचाच असेल याची काही गॅरंटी नाही त्यामुळे हे फार सोयीचं. त्रास पावसाळ्यात, कोकणात तर फुगून अडकतोच, आणि अडकलेली स्लेड जोर लावून ढकलली की एकदम सुटते, हात ब्लेडकडे जातो, हे खरंच धोक्याचं आहे. टोकाकडून बघितल्यावर वलयं उभी दिसतील असा तुकडा घ्या, रुंदीत कमी फुगतो.

अॅल्युमिनियमला दमट हवेचं काही नाही, बाजूच्या स्क्रूने ढिलाई काढता येते. महाग आहे, पण उघड्या शेडमध्ये काम करत असाल तर मी हाच घ्या म्हणेन.

रनर कुठलाही असो, मागच्या, म्हणजे तुमच्याकडच्या, फेन्सला ब्लेड बाहेर येतं तिथे जाड ठोकळा लावाच, आणि ब्लेडच्या वाटेत एकही स्क्रू नको.