गॅरेजमागे क्रोमची टाकी, की नागपूरचे जॉबवर्क?

जुन्या बुलेट नव्याने सजवून देणाऱ्या हिंगणघाट किंवा दारव्ह्याकडच्या कारागिराचे काम वाढले की, मडगार्ड आणि सायलेन्सर दर वेळी नागपूरला पाठवण्यापेक्षा गॅरेजमागेच क्रोमचा मुलामा चढवण्याची टाकी बसवावी, असे त्याच्या मनात येते. त्याच्यापुढे तीन वाटा असतात: हेक्साव्हॅलंट क्रोमची (क्रोमियमच्या अधिक विषारी रूपाची) पारंपरिक टाकी, ट्रायव्हॅलंट क्रोमची (कमी विषारी रूपाची) टाकी, किंवा बफिंग, म्हणजे धातू घासून चकचकीत करणे, स्वतःकडे ठेवून प्लेटिंग, म्हणजे विजेने धातूचा थर चढवणे, बाहेरून जॉबवर्कवर करून घेणे.

ग्राहक ज्याला क्रोमची चमक म्हणतो, ती बरीचशी बफिंगची आणि खालच्या निकेलची असते. शोभेच्या कामात क्रोमचा थर साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही पातळ असतो, तर गंज अडवणारा निकेलचा थर दहा ते तीस मायक्रॉन जाड असतो. म्हणून कोणतीही क्रोमची टाकी घेतली तरी सफाई, ॲसिड, निकेल आणि मधल्या धुण्याच्या टाक्या चुकत नाहीत; ‘एक टाकी’ असा हिशेब मांडणाऱ्याची फसगत येथेच होते.

हेक्साव्हॅलंट टाकीचे रसायन तुलनेने स्वस्त असते, तिचा निळसर झळाळ ग्राहकाच्या ओळखीचा असतो आणि थोडी भेसळ ती सहन करते. तिला वीज मात्र फार लागते. मडगार्डचे क्षेत्रफळ पंचवीस चौरस डेसिमीटर धरले आणि दर चौरस डेसिमीटरला 15 अँपिअर दिले, तर एका नगासाठी 375 अँपिअरचा प्रवाह हवा. शिवाय मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू केल्यावर थर दुधाळ निघण्याची शक्यता असते. भारनियमनाच्या गावात ही किरकोळ गोष्ट नव्हे. द्रावण 40 ते 45 अंशांवर राखावे लागते. मे महिन्यात आपल्याकडे टिनाच्या शेडमधली हवाच तेवढी तापते, त्यामुळे टाकी तापवण्यापेक्षा थंड करण्याचीच सोय आधी करावी लागते.

सर्वांत मोठा प्रश्न सांडपाण्याचा आहे. हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक असून पाण्यात सहज विरघळते, आणि ज्या गावात शेजारच्या विहिरीचे पाणी प्यायले जाते तेथे ते जमिनीत मुरू देणे अक्षम्य आहे. ते आम्ल माध्यमात सोडियम मेटाबायसल्फाइटने ट्रायव्हॅलंट रूपात आणून नंतर चुन्याने गाळाच्या स्वरूपात खाली बसवावे लागते, आणि तो गाळ घातक कचरा म्हणून अधिकृत सुविधेकडेच द्यावा लागतो. टाकीवरची वाफ ओढून धुणारी यंत्रणा वेगळी.

ट्रायव्हॅलंट टाकीत विषारीपणा बराच कमी असतो, सांडपाण्यावरची पहिली प्रक्रिया वाचते आणि खोलगट भागातही थर चांगला पोहोचतो. मात्र रसायन महाग पडते, रंग किंचित गडद येतो, आणि लोखंड किंवा तांब्याचा अंश मिसळला तरी द्रावण बिघडते. ते नियमित तपासणारा माणूस तालुक्याला सहजी मिळत नाही. निकेलचे सांडपाणी तर येथेही राहतेच. दोन्ही टाक्यांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती उभारणीपूर्वी एकदा आणि चालू करण्यापूर्वी पुन्हा घ्यावी लागते, त्यामुळे जागा औद्योगिक वसाहतीतली असलेली बरी.

महिन्याला चार-पाच गाड्या करणाऱ्याने तिसरी वाट धरावी, असे माझे मत आहे. बफिंगचे यंत्र आणि चांगला हात गावातच ठेवावा, कारण धातूवरचा प्रत्येक ओरखडा प्लेटिंगनंतर अधिक उठून दिसतो. एखाद-दुसरा नग जॉबवर्कवाला मागे टाकतो, म्हणून दोन-तीन गाड्यांचे भाग एकत्र पाठवावेत. सोबतच्या चिठ्ठीवर निकेलची जाडी लिहावी आणि आट्यांना थर चढू नये म्हणून त्या झाकून घ्याव्यात. स्प्रिंग आणि उच्च ताणाचे बोल्ट मात्र पाठवूच नयेत: प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि तो भाग नंतर वेळेत भट्टीत तापवला नाही तर धावत्या गाडीवर अचानक तुटू शकतो.