भाषाविज्ञानात एमए: 'फोर प्लस वन' की आधी बीए, मग निवांत?

अमेरिकेत भाषाविज्ञान शिकणाऱ्या मुलांपुढे साधारण तिसऱ्या वर्षी हा प्रश्न येतो. बीए-एमए जोडून पाच वर्षांत उरकायचं (हेच 'फोर प्लस वन'), की चार वर्षांची बीए करून वेगळा अर्ज भरायचा आणि दोन वर्षांचं एमए करायचं?

आधी हिशेब. बीएला साधारण १२० क्रेडिट लागतात, एमएला ३० ते ३६. जोड-अभ्यासक्रमात चौथ्या वर्षी घेतलेले एमएचे तीन-चार विषय, म्हणजे ९ ते १२ क्रेडिट, दोन्ही पदव्यांत धरतात. ३० पैकी १२ असे आधीच झाले, तर उरतात १८. सत्राला ९ घेतले की दोन सत्रांत काम संपलं. वर्ष वाचतं ते या दुहेरी मोजणीमुळे. अभ्यास कुणी जादूने लवकर शिकवत नाही. वाचलेल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च मात्र खराखुरा वाचतो.

पण पाचव्या वर्षी तुम्ही पदव्युत्तर विद्यार्थी ठरलात, की आर्थिक मदतीचे नियम बदलतात. पेल ग्रांट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना सरकार देतं ते परत न करायचं अनुदान, पहिल्या पदवीपुरतंच असतं. शिकत असताना व्याज सरकार भरतं ते सवलतीचं कर्जही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना २०१२पासून मिळत नाही. (परदेशातून व्हिसावर आलेल्यांना हे दोन्ही मुळातच नाही, त्यांचा हिशेब सोपा आणि महागडा.)

खरी अडचण एमएच्या प्रबंधाची. समजा, विषय घेतला मराठीतले दोन 'च': 'चार'मधला तालव्य आणि 'चारा'मधला दंततालव्य. वीस जणांकडून प्रत्येकी पन्नास शब्द म्हणवून घेतले, तरी हजार नमुने झाले. ते 'प्राट' या ध्वनी तपासायच्या संगणक-प्रणालीत उघडायचे, प्रत्येक 'च' कुठे सुरू होतो आणि घर्षण कुठे संपतं त्या रेषा हाताने आखायच्या, शंका आली की पुन्हा ऐकायचं. त्याआधी माणसांवरच्या संशोधनासाठी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी. त्यात आठवडे जातात. दोन वर्षांच्या एमएत मधली उन्हाळी सुट्टी अशा कामाला असते. पाच वर्षांवाल्याला विषय चौथ्या वर्षीच ठरवावा लागतो, तोही बीएचे शेवटचे पेपर देता देता. प्रबंधाऐवजी परीक्षा किंवा छोटा प्रकल्प चालणार असेल, तर हा मुद्दा बराच हलका होतो.

दुसरं म्हणजे, पाचही वर्षं तेच प्राध्यापक. विभाग जनरेटिव्ह वाक्यविचाराचा (मनातल्या नियमांतून वाक्यं कशी घडतात ते पाहणारा) असेल, तर भाषेकडे पाहायची तीच एक खिडकी. विद्यापीठ बदललं की शिफारसपत्रं देणारी माणसंही वाढतात.

पीएचडी करायचीच असेल, तर थांबून विचार करा. अमेरिकेत बीएनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो. तिथे बहुतेकदा फी माफ असते, वर विद्यावेतन, आणि एमए वाटेतच मिळून जातं. मग स्वतःच्या खिशातून पाचवं वर्ष कशाला? बीएत संशोधन फारसं झालं नसेल आणि अर्जासोबत जोडायला दमदार लेख हवा असेल, एवढंच एक कारण मला पटतं.

संगणकीय भाषाविज्ञानातून नोकरीकडे वळायचं असेल, तर तिसऱ्या वर्षापर्यंत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि संख्याशास्त्र किती झालंय ते बघा. झालं असेल तर पाच वर्षांचा मार्ग उत्तम, मी तोच घेईन. नसेल तर त्या दोन सत्रांत धाप लागेल. वाचा-उपचाराकडे जायचंय? मग दोन्ही सोडा. त्यासाठी त्याच विषयाचं मान्यताप्राप्त एमए-एमएस लागतं.

अर्ज भरण्याआधी विभागात एक नक्की विचारा: बीए चौथ्या वर्षाअखेर हातात पडते, की पाचव्या वर्षी दोन्ही पदव्या एकदम? एकदम मिळत असतील, तर मध्येच पैसे संपल्यास नुसती बीए घेऊन बाहेर पडता येतं का, आणि दोनदा मोजलेले क्रेडिट तेव्हा कुठे धरतात, हे लेखी घ्या.