माँटे बेलो: चुनखडीच्या डोंगरावरची वाइन

कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ पर्वतरांगेत रिज वाइनयार्ड्स या वाइन-उत्पादक कंपनीची माँटे बेलो ही द्राक्षबाग आहे. तिचे खरे वैभव जमिनीत आहे; हिरवट खडकाचे तुकडे मिसळलेल्या चिकणमातीखाली झिजत चाललेला चुनखडक असून, त्या राज्यातील द्राक्षमळ्यांत असा थर क्वचितच आढळतो. पॅसिफिकवरून येणाऱ्या गार हवेमुळे द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांतील आंबटपणा टिकून राहतो. कॅबरने सोव्हिन्यो ही जात प्रमुख असलेल्या या वाइनमध्ये मला जाणवलेला ताठ, स्वच्छ खनिजस्वाद याच मातीचा असावा, असे मला मनापासून वाटते.

ओसिया पेरोन या डॉक्टरांनी १८८५ मध्ये येथे जमीन घेतली. १९६९ मध्ये रिजमध्ये आलेल्या पॉल ड्रेपर या वाइनकारांनी नैसर्गिक यीस्ट आणि प्रामुख्याने अमेरिकन ओकची पिंपे यांवर भर दिला. त्यांच्या १९७१ च्या वाइनला १९७६ च्या पॅरिस चाचणीत (नावे झाकून कॅलिफोर्नियन आणि फ्रेंच वाइनची केलेली तुलना) पाचवे, तर २००६ च्या फेरचाचणीत पहिले स्थान मिळाले. किंमत मोठी आहे. तरीही घेतलीच, तर किमान दहा वर्षे राखून मगच उघडावी.